फिनटेकमध्ये नोकरी करावी का? (पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तेव्हाच वाचा)

गेल्या आठवड्यात शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. त्याच्या पुतण्याला एका फिनटेक कंपनीची ऑफर आली आहे. हातात बावीस हजार, वर इन्सेंटिव्ह, पेट्रोलचे वेगळे. पोरगा बी.कॉम., घर बार्शीचं, सध्या पुण्यात कॉट बेसिसवर राहतो. मित्र म्हणाला, "तू पाच वर्षं काढलीस ना त्या लाईनीत? पाठवू का पोराला? नेटवर कंपनीला कर्मचाऱ्यांनी चार पॉइंट एक स्टार दिलेत, म्हणजे चांगलीच असणार."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. उत्तर तोंडावर आलं होतं, पण ते दोन मिनिटांत फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. मी जिथे होतो त्या कंपनीचं नाव सांगणार नाही, कृपया कमेंटमध्ये विचारू नका. निघताना कागदावर सह्या केल्यात हे एक कारण. दुसरं कारण असं की नाव सांगितलं की लोक म्हणतात "अच्छा, ती होय", आणि बाकीच्या सगळ्या कंपन्या सुटतात.

आधी त्या स्टारबद्दल.

आमचं ऑफिस खराडीला. काचेची बिल्डिंग, आत कॉफी मशीन, बीन बॅग, शुक्रवारी समोसे. तिथे कोडिंगवाले, प्रॉडक्टवाले, डेटावाले बसायचे. त्यांची कंपनीबद्दलची मतं बहुतेक चांगलीच होती आणि ती खोटी नव्हती. काम शिकायला मिळायचं, वरचा माणूस पंचविशीतल्या मुलीचंही ऐकायचा, सरकारी खात्यात दहा वर्षांत होत नाही ते दहा दिवसांत व्हायचं. दुसरी दुनिया रस्त्यावर. ऑफिसात एक माणूस असेल तर रस्त्यावर चार-पाच. दुकानोदुकानी फिरून क्यूआर लावणारे, साउंडबॉक्स देणारे, कर्ज विकणारे. आमच्या भाषेत एफएसई. फील्डवाले.

आता मला सांगा, इंग्रजी साइटवर जाऊन, लॉगिन करून, "प्रोज" आणि "कॉन्स" असे दोन रकाने भरून कंपनीबद्दल मत कोण लिहिणार? खराडीवाला लिहिणार. हडपसर गाडीतळावर उन्हात उभा असलेला पोरगा नाही लिहिणार. त्याचं मत त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतं. टीएलला वगळून बनवलेल्या ग्रुपवर. ते छापण्यासारखंही नसतं. शिवाय आमच्याकडे जॉइन होऊन महिना झाला की एचआरचा मेल यायचा, "तुमचा अनुभव जगाला सांगा", खाली थेट लिंक. महिन्याभराच्या माणसाचा अनुभव म्हणजे नवी बॅग आणि पहिला पगार. तो पाच स्टारच देणार.

म्हणजे चार पॉइंट एक हा आकडा खोटा नाही. तो खराडीचा आकडा आहे, आणि मित्राच्या पुतण्याला नोकरी हडपसरची लागली आहे.

मी स्वतः २०१९ ला फील्डवर लागलो, दीड वर्षात टीएल झालो. अकरा पोरांची टीम. मंडई, तुळशीबाग, रविवार पेठ, पुढे कात्रजपर्यंत. जे सांगतोय ते तिथलं.

चांगलं आधी सांगतो, नाहीतर लोक म्हणतील पाच वर्षं पगार खाल्ला आणि आता बोंब मारतोय. माझ्या टीममधली निम्मी पोरं लातूर, बीड, सोलापूरकडची. इंग्रजी जेमतेम. त्यांना बँकेच्या दारात वॉचमन उभं करत नव्हता. इथे त्यांना टी-शर्ट, टॅब, पगार आणि "सर" अशी हाक मिळाली. अनोळखी दुकानदाराशी बोलायला शिकली. एकाने पहिल्या इन्सेंटिव्हमधून वडिलांना स्मार्टफोन घेतला आणि त्यावर पहिला रुपया स्वतःच पाठवला, "आला का, आला का" म्हणून फोनवर ओरडत होता. लॉकडाऊन उठल्यावर लोक नोटेला हात लावायला घाबरत होते, तेव्हा भाजीवाल्यांना क्यूआर लावून दिले, ते काम मी अजून अभिमानाने सांगतो. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा एका महिन्यात हजार कोटींवर व्यवहार झाले. त्या दिवशी आम्ही ऑफिसात केक कापला होता. त्या हजार कोटींत आमच्या मंडईतल्या कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपयेही होते, आणि ते आम्ही आणले होते. ही भावना खरी होती.

पण एक गोष्ट बहुतेक ग्राहकांना माहीत नसते. त्या दहा रुपयांवर कंपनीला दुकानदाराकडून काही मिळत नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क, म्हणजे एमडीआर, शून्य आहे. सरकार थोडा प्रोत्साहन निधी देतं, त्यावर एवढा डोलारा चालत नाही. मग कंपनी कमावणार कशावर? एक, साउंडबॉक्सचं भाडं, महिन्याला शंभर-सव्वाशे. दोन, कर्ज. क्यूआर फुकट लावायचा, दुकानात रोज किती पैसे येतात ते बघत राहायचं, आणि मग त्याच दुकानदाराला कर्ज विकायचं. कर्ज देणारी एनबीएफसी वेगळी, आपण मध्यस्थ, आपल्याला कमिशन. यात बेकायदा काही नाही. ज्याच्याकडे आयटी रिटर्न नाही, गहाण ठेवायला काही नाही, त्याला बँक उभं करत नाही आणि सावकार पिळतो. अशा माणसाला क्यूआरच्या नोंदींवर कर्ज मिळणं ही खरं तर फार मोठी सोय आहे. मला आजही तसं वाटतं.

गडबड कुठे होते तर टार्गेटच्या एक्सेलमध्ये.

आमचा दिवस सांगतो. सकाळी सव्वानऊला बीटवर उभं राहून सेल्फी, लोकेशनसकट. तीच हजेरी. पंधरा भेटी. तासातासाला ग्रुपवर आकडा टाकायचा. दुपारी एरिया मॅनेजर आकडे लाल-हिरवे करून परत टाकणार, ज्याचा लाल त्याचं नाव वर. संध्याकाळी सातला क्लोजिंग कॉल. त्या कॉलवर मी काय बोलायचो ते आता आठवलं की लाज वाटते. "आज झिरो आला तर उद्या फोन करू नका, डायरेक्ट घरी जा", हे माझं वाक्य. मला तेच वाक्य वरून आलेलं असायचं, जरा सभ्य इंग्रजीत.

पुढचा भाग लिहावा की नाही यावर मी दोन दिवस घालवले.

२०२३ चा ऑगस्ट. गणपती तोंडावर. मंडईजवळ एक मावशी हार, गजरे, दूर्वा विकायला बसतात. आमचा क्यूआर त्यांच्याकडे दोन वर्षांपासून होता. सिस्टीममध्ये त्या साठ हजारांच्या कर्जाला "प्री-अप्रूव्ह्ड" दिसायला लागल्या. महिनाअखेर, आणि माझ्या टीममधल्या लातूरच्या पोराचा कर्जाचा आकडा दोनने कमी. त्याने फोन केला, "सर, मावशी घ्यायला तयार हायेत, पण व्याज किती विचारायल्यात. काय सांगू?"

मी म्हटलं, "साठाचे एकोणसत्तर. तीनशे दिवस, रोज दोनशे तीस कापले जातील. पंधरा टक्के म्हण."

त्याने तसं सांगितलं. मावशींनी हिशोब केला, साठावर नऊ हजार, पंधरा टक्के, बरोबर. ओटीपी दिला.

आता हा हिशोब नीट बघा, कारण वाचणाऱ्यांतले बरेच जण अशाच कर्जात असतील. पंधरा टक्के केव्हा झाले असते? साठ हजार पूर्ण वर्षभर मावशींकडे राहिले असते आणि शेवटी एकरकमी परत द्यायचे असते तर, आणि तरीही साधारण पंधराच. इथे दुसऱ्या दिवसापासून रोज दोनशे तीस परत जात होते. पाच महिन्यांनी त्यांच्या अंगावर मुद्दल जवळपास निम्मंच उरणार होतं. म्हणजे तीनशे दिवसांची सरासरी काढली तर वापरायला मिळाले तीस हजारांच्या आसपास, आणि व्याज भरायचं नऊ हजार. तेही वर्षाला नाही, दहा महिन्यांत. वार्षिक दर काढला तर चौतीस-पस्तीस टक्क्यांच्या घरात जातो. प्रोसेसिंग फी वेगळी.

हा वार्षिक दर लपवलेला होता का? नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम आणले, त्यानुसार कर्ज देण्याआधी एका ठरावीक तक्त्यात एपीआर दाखवावा लागतो. मन बदललं तर सुरुवातीच्या काही दिवसांत दंड न भरता कर्ज परत करायची सोयही द्यावी लागते. आमच्या अ‍ॅपमध्ये ते सगळं होतं. स्क्रीन होती, आकडा होता, खाली "मी वाचले आहे" असा चौकोनही होता. पण टॅब पोराच्या हातात होता. ती स्क्रीन दोन सेकंद उघडी राहिली असेल. मावशींचा चष्मा गाडीच्या डिकीत होता, हे मला नंतर कळलं.

गणपतीत धंदा झाला. मग पितृपक्ष लागला. त्या पंधरा दिवसांत त्यांचा धंदा बसतो, हे मंडईतलं शेंबडं पोरही सांगेल, फक्त आमच्या डेटा सायन्सवाल्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. रोजचे दोनशे तीस चालूच. ज्या दिवशी क्यूआरवर तीनशे आले त्या दिवशी मावशींच्या हातात सत्तर. मग त्यांनी काय केलं? क्यूआरचा स्टँड उलटा करून ठेवला आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागल्या, "रोख द्या बाबा, मशीन बंद आहे." असे उलटे ठेवलेले क्यूआर मी त्या वर्षी बरेच पाहिले. सिस्टीममध्ये मात्र त्याचं नाव "मर्चंट इनअ‍ॅक्टिव्ह". मग हप्ते चुकले, कॉल सेंटरचे फोन सुरू झाले, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या भाच्याने लेखी तक्रार केली. पंधरा टक्के सांगून पस्तीसचं कर्ज गळ्यात मारलं, अशी.

तक्रार खरी होती. कंपनीने चौकशी केली, आणि मान्य करायला हवं की मावशींची फी परत केली, हप्ता कमी करून दिला. मग "मिस-सेलिंग" या शिक्क्याखाली त्या पोराला काढलं. मेलसुद्धा कंपनीने नाही पाठवला, कारण तो कंपनीचा नव्हताच. टी-शर्ट आमचा, टॅब आमचा, पगाराची स्लिप मात्र एका मॅनपॉवर एजन्सीची. थर्ड पार्टी पेरोल. त्यामुळे आमच्या कागदावर त्या महिन्यात एकही कर्मचारी कमी झाला नाही.

चौकशीत मला विचारलं गेलं, "तुम्ही टीमला दर कसा सांगायला सांगितला होता?" मी उत्तर दिलं, "ट्रेनिंग मटेरियलप्रमाणे." त्या पोराने माझं नाव घेतलं नव्हतं. आणि त्या क्वार्टरला माझ्या टीमचा आकडा एरियात पहिला आला. जानेवारीत आम्हाला गोव्याची ट्रिप लागली.

एवढं सगळं सांगायचं कारण असं. कर्मचाऱ्यांना काय वाटतं हा विषय आला की आपण पगार, सुट्ट्या, वर्क-लाईफ बॅलन्स, बॉस चांगला की वाईट यावर बोलतो. कर्मचाऱ्यांचा आपापसातला मामला, ग्राहकाचा काय संबंध? माझं म्हणणं असं की पैशाच्या कंपनीत हा वेगळा मामला नसतोच. पोराच्या एक्सेलमध्ये जे लाल झालं तेच तीन महिन्यांनी मावशींच्या पासबुकात दिसलं. दोन्ही एकच तक्रार होती. पोराची तक्रार ऑगस्टमध्येच होती, रोज संध्याकाळी सातला होती, फक्त ती ऐकणारं कोणी नव्हतं. मावशींची नोव्हेंबरमध्ये ऐकली गेली, तेव्हा उशीर झाला होता.

हे काही आमच्याच कंपनीचं किंवा आपल्याच देशाचं नाही. अमेरिकेत वेल्स फार्गो ही मोठी जुनी बँक. तिथे कर्मचाऱ्यांनी टार्गेटपायी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आलं, साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला. तोपर्यंत बँकेने त्या कारणावरून सुमारे ५,३०० लोकांना काढलेलं होतं. टार्गेट वरून आलं, नोकऱ्या खालच्यांच्या गेल्या. माझ्या अकरा जणांच्या टीममध्ये हेच छोट्या आकारात घडलं.

यावर मला कायम दोन उत्तरं ऐकायला मिळतात. पहिलं, "सेल्समध्ये टार्गेट असतंच. एलआयसी एजंटला नसतं का?" असतं. पण आपल्या गल्लीतल्या एलआयसी एजंटला पुढची वीस वर्षं त्याच गल्लीतून जायचं असतं, तुमच्या घरच्या लग्नात जेवायला बसायचं असतं. त्याने फसवलं तर त्याला तोंड दाखवायची पंचाईत. आमच्या पोरांची बीट तीन महिन्यांत बदलायची, आणि सहा-आठ महिन्यांत पोरगंच बदलायचं. दुकानदाराला तोंड दाखवायला कोणी उरतच नाही. उरतो तो टोल फ्री नंबर.

दुसरं उत्तर खराडीतलं. "आम्ही फक्त बटण बनवतो, विकताना काय बोलतात त्याला आम्ही काय करणार?" हे म्हणणारे माझे मित्र आहेत, हुशार आहेत, मनाने वाईट नाहीत. त्यांना त्यांच्या डॅशबोर्डवर "सहमती मिळायला लागलेला सरासरी वेळ" दिसायचा. तो जितका कमी तितकं त्यांचं कौतुक व्हायचं.

वसुलीचा मजला वेगळा होता, तिथे मी नव्हतो, म्हणून थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला मनाई केली आहे. आमचा डायलर सातला बंद व्हायचा, नियम तंतोतंत पाळला जायचा. पण तिथल्या माझ्या एका सहकारीचं सातनंतरही टार्गेट बाकी असायचं. मग ती स्वतःच्या फोनवरून "ताई, बघा ना काहीतरी, माझी नोकरी जाईल" असे मेसेज करायची. धमकी नाही, विनवणी. हे कुठल्या नियमात बसतं?

आणि ३१ जानेवारी २०२४. ती संध्याकाळ या लाईनीतला कोणीच विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी अंतरिम बजेट होतं, सगळ्यांचं लक्ष तिकडे, आणि रिझर्व्ह बँकेचा पेटीएम पेमेंट्स बँकेवरचा आदेश आला. नव्या ठेवी, टॉप-अप बंद, आधी २९ फेब्रुवारीपर्यंतची मुदत, मग ती १५ मार्चपर्यंत वाढवली. आमचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पोरं बीटवर गेली तर प्रत्येक दुकानात एकच प्रश्न, "तुमचं पण बंद होणार का? माझे पैसे?" रविवार पेठेत एका होलसेलवाल्याने तर पोराची कॉलर धरली. पोरं मला फोन करतायत, मी वर फोन करतोय, वर सगळे मीटिंगमध्ये. काय बोलायचं याचा अधिकृत मेसेज दुपारी साडेतीनला आला. सकाळी साडेनऊ ते साडेतीन ती पोरं आपल्या मनाने उत्तरं देत होती. "काही होणार नाही काका, मी आहे ना" असं बावीस वर्षांचा पोरगा पन्नाशीच्या दुकानदाराला सांगत होता. ग्राहकासमोर तो पहिला उभा, आणि कंपनीत काय चाललंय ते कळणारा शेवटचा.

मग ही माणसं बोलत का नाहीत? बोलणार कुठे? फील्डवाल्याचा मालक कागदावर वेगळाच. ऑफिसातल्या माणसाचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा, रिलीव्हिंग लेटर एचआरच्या हातात, आणि पुढची कंपनी याच लाईनीत म्हणजे तिथला एचआर या एचआरला फोन करणार. वरच्यांचे हात ईसॉपमध्ये अडकलेले. चार वर्षं थांबलात तर शेअर, आमच्याकडे तरी सोडून गेल्यावर ठरलेल्या दिवसांत पैसे भरून ते घ्या नाहीतर गेले, आणि घेतले की विकायच्या आधीच त्यावर टॅक्स. त्या शेअरची किंमत काय, तर बाजारात येईपर्यंत कंपनी म्हणेल ती, आणि बाजारात आल्यावर बाजार म्हणेल ती. पेटीएमचा शेअर नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांना विकला गेला आणि लिस्टिंगच्या पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्के पडला, हे सगळ्यांनी पाहिलं. पण आशा सुटत नाही. ज्याचे दोन कोटी कागदावर आहेत तो टाउन हॉलमध्ये हात वर करत नाही.

मीही नाही केला. मला ईसॉप फार नव्हते, मला ईएमआय होता.

कंपनीत तपासणीला लोक यायचे. पार्टनर एनबीएफसीचे, बाहेरचे ऑडिटर. माझ्याकडून केवायसीच्या फाइली मागितल्या, ट्रेनिंगच्या हजेरीपत्रकावरच्या सह्या मागितल्या. पाच वर्षांत एकानेही म्हटलं नाही, "तुमच्या टीमची इन्सेंटिव्हची एक्सेल दाखवा." ती दाखवली असती तर दहा मिनिटांत सगळं कळलं असतं. साउंडबॉक्सला इतके, कर्जाला त्याच्या आठपट, आणि तक्रार आली तर कपात फक्त एफएसईची, टीएल आणि त्याच्या वरच्यांची शून्य.

माझं मत एवढंच आहे की नियम करणाऱ्यांनी ही एक्सेल मागावी. ग्राहकाला काय दाखवलं हे बघताच आहात, ते दाखवणाऱ्याला पैसे कशाचे मिळतात तेही बघा. मिस-सेलिंगची तक्रार खरी ठरली तर इन्सेंटिव्ह वरपर्यंत कापला जावा, माझ्यासकट. आणि दारात जाऊन कर्ज विकणारा माणूस कंपनीच्याच पेरोलवर असावा. कर्ज देणाऱ्या संस्थेने आपल्या मध्यस्थाची जबाबदारी घ्यायची असं नियम म्हणतात, मग त्या मध्यस्थाच्या टी-शर्टमधल्या पोराचीही कोणीतरी घ्यायला हवी. खर्च वाढेल हे मला कळतं. कदाचित साउंडबॉक्स महाग होईल. होऊ दे.

जून २०२४ मध्ये मी नोकरी सोडली. एक्झिट इंटरव्ह्यूला कारण लिहिलं, "बेटर अपॉर्च्युनिटी". आणि एचआरच्या पोरीने जाता जाता विनंती केली म्हणून त्या साइटवर मी चार स्टार दिले. प्रोजमध्ये लिहिलं "ग्रेट लर्निंग, सपोर्टिव्ह टीम". कॉन्समध्ये लिहिलं "कधीकधी कामाचा ताण". मित्र ज्या चार पॉइंट एकबद्दल बोलत होता ती माझी कंपनी नाही, पण तिथेही माझ्यासारखे असतीलच की.

लातूरच्या पोराचा नंबर माझ्याकडे आहे. सध्या तो गावाकडे एका ट्रॅक्टरच्या शोरूमला आहे असं कळलं. गेल्या दिवाळीला शुभेच्छा पाठवल्या, त्याने हात जोडलेला इमोजी पाठवला. त्यापुढे काय लिहावं हे मला सुचलेलं नाही.

मित्राला काल फोन केला. त्याला म्हटलं, पाठव पोराला, पण ऑफर लेटर आधी मला दाखव. पगार कोणती कंपनी देणार आहे ते बघ. इन्सेंटिव्ह कशावर आहे ते लेखी माग, आणि तक्रार आली तर कोणाचा कापणार तेही विचार. नोकरीला लागायच्या आधी एक दिवस त्याच कंपनीच्या एखाद्या फील्डवाल्या पोराला चहा पाज आणि त्याच्याबरोबर दहा दुकानं फिर. किती दुकानदार "ये बस" म्हणतात आणि किती जण क्यूआर उलटा करून ठेवतात ते मोज. मित्र म्हणाला, "एवढं सगळं तो विचारत बसला तर ऑफर जाईल ना." जाऊ शकते, हे मी नाकारलं नाही.

काल रात्री मी त्या साइटवर माझा जुना रिव्ह्यू काढून नवा टाकला. मराठीत लिहिलाय, मंडईतला सगळा प्रकार, मी पोराला काय सांगितलं त्यासकट. अजून "तपासणी सुरू आहे" असं दाखवतंय.

फील्डवर, कॉलिंगला, वसुलीला काम केलेले कोणी इथे असतील तर कमेंटमध्ये लिहा. नाव-गाव नको, कंपनीचं नावही नको. इन्सेंटिव्ह कशावर होता तेवढं लिहा.